अभियंत्यांच्या संघटनांची दारे कोणासाठी?

दरवर्षी १५ सप्टेंबर उजाडला की देशभर अभियंता दिन साजरा होतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे आणि नगरपालिकांच्या अभियंत्यांच्या संघटना सभा भरवतात आणि राष्ट्रउभारणीवर भाषणे होतात. अलीकडे या भाषणांत एका नव्या शब्दजोडीची भर पडली आहे : ‘विविधता आणि समावेशकता’. व्यासपीठावर एखाद्या महिला उपअभियंत्याला शाल-श्रीफळ दिले जाते, एखाद्या मागासवर्गीय अधिकाऱ्याच्या कर्तृत्वाचा गौरव होतो, टाळ्या वाजतात आणि सभा संपते. मात्र ज्या रस्त्याने पाहुण्यांच्या मोटारी परत जातात, तो रस्ता राखणारा मैलकुली, त्यावर खडी पसरणारी रोजंदारीवरची बाई आणि त्या रस्त्याखालच्या गटारात उतरणारा कंत्राटी सफाई कामगार यांच्यापैकी कोणीही त्या संघटनेचा सभासद नसतो. निमंत्रितांच्या यादीतही त्याचे नाव नसते.

मग हा समावेश कोणाचा, आणि कोणी ठरवलेल्या अटींवर?

या प्रश्नाकडे आपल्यातील काही साथी ‘साहेब लोकांचा घरगुती मामला’ म्हणून पाहतात. ही गंभीर चूक आहे. सार्वजनिक बांधकामातील व्यावसायिक संघटना म्हणजे वार्षिक स्नेहभोजने भरवणारी मंडळे नव्हेत. कामाचे मानदंड त्या ठरवतात, सुरक्षिततेच्या संहिता त्या लिहितात, कंत्राटाच्या नमुन्यांवर त्या मत देतात, बढत्यांच्या नियमांसाठी मंत्रालयात त्या शिष्टमंडळे नेतात. म्हणजेच कोणाच्या जिवाची काय किंमत धरायची, याचा निर्णय पुष्कळदा त्यांच्या समित्यांच्या खोलीत होतो. त्या खोलीत कोण बसतो आणि कोण बसत नाही, हा श्रमिकांच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न आहे.

अमेरिकेचा धडा

‘समावेशकते’ची ही परिभाषा अमेरिकेतून आली असल्यामुळे तिचा जन्म तेथे कसा झाला हे पाहणे उद्बोधक ठरेल. नोरा स्टँटन ब्लॅच यांनी १९०५ साली कॉर्नेल विद्यापीठाची स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मिळवली. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी अभियंता म्हणून कामे केली. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संघटनेने त्यांना कनिष्ठ सभासद म्हणून घेतलेही होते. परंतु त्या श्रेणीची वयोमर्यादा उलटून वरच्या श्रेणीत घेण्याची वेळ आली, तेव्हा १९१६ साली त्यांना दार बंद करण्यात आले. त्या न्यायालयात गेल्या आणि हरल्या. १९७१ साली त्या वारल्या. त्यानंतर ४४ वर्षांनी, २०१५ साली, याच संघटनेने त्यांना मरणोत्तर ‘फेलो’ म्हणून गौरवले. जिवंत स्त्रीला नाकारलेला हक्क तिच्या स्मृतीला बहाल करण्यासाठी ९९ वर्षे लागली! उदारपणाचा हा वेग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

हा झाला अभियंत्यांच्या दालनातील इतिहास. आता दालनाबाहेर येऊ. १ फेब्रुवारी १९६८ रोजी टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार पावसापासून आडोसा घेण्यासाठी कचरागाडीच्या मागील पेटीत शिरले. गाडीतील दाबयंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही चिरडून ठार झाले. जुनाट गाड्या धोकादायक आहेत, ही कामगारांची तक्रार जुनीच होती. त्याच सुमारास पावसामुळे काम थांबले म्हणून कृष्णवर्णीय गटार कामगारांना मजुरीविना घरी पाठवण्यात आले होते, तर गोऱ्या मुकादमांचा पगार चालूच राहिला होता. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या छातीवरच्या फलकांवर एवढेच लिहिलेले असे : मी माणूस आहे. संघटनेला मान्यता द्यायला साफ नकार देणारा महापौर हेन्री लोब हा पूर्वी याच शहराच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचा आयुक्त होता. म्हणजे या गाड्या, ही माणसे आणि त्यांचे हाल त्याला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. या संपाच्या पाठिंब्यासाठी आलेले मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिलला तेथेच गोळीला बळी पडले. १६ एप्रिलला तडजोड झाली : संघटनेला मान्यता आणि वेतनात वाढ.

त्या देशात सार्वजनिक बांधकामातील व्यावसायिकांची अमेरिकन पब्लिक वर्क्स असोसिएशन ही संघटना १९३७ सालीच स्थापन झालेली होती. मेम्फिस घडले तेव्हा तिला ३१ वर्षे होऊन गेली होती. तरीही मेम्फिसच्या कामगारांना माणूस म्हणून ओळख मिळाली ती व्यावसायिकांच्या ठरावाने नव्हे. ती मिळाली ६५ दिवसांच्या संपाने आणि सांडलेल्या रक्ताने.

आणि वरून दिलेल्या समावेशाचे काय होते? सरकारी कंत्राटदारांनी वर्णभेद करू नये आणि समान संधीसाठी पावले उचलावीत, असा आदेश अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ साली काढला होता. तो नागरी हक्कांच्या चळवळीचे फळ होता. परंतु चळवळ ओसरली, आदेश कचेऱ्यांच्या ताब्यात गेला आणि त्याचे रूपांतर प्रशिक्षणवर्ग, अहवाल आणि पदनामे यांत झाले. २१ जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी एका स्वाक्षरीने तो रद्द केला. साठ वर्षांची इमारत एका दिवसात खाली आली, कारण तिच्या पायाखालची संघटित जनता केव्हाच दूर सारली गेली होती. कागदावर मिळालेले कागदाने जाते. कष्टकऱ्यांनी संघटित होऊन मिळवलेले हिसकावून घ्यायचे तर राज्यकर्त्यांना लढावे लागते. हा धडा आपल्यासाठीही आहे.

गुणवत्तेचा जुना खेळ

आपल्याकडे समावेशाची मागणी होताच पहिली हाकाटी उठते ती ‘गुणवत्ते’ची. पूल कोसळतील, धरणे फुटतील, असा बागुलबुवा उभा केला जातो. ही हाकाटी नवी नाही. सार्वजनिक बांधकाम खाते १८५४ साली डलहौसीच्या कारकीर्दीत उभे राहिले. पुढे या खात्याच्या वरिष्ठ जागांसाठी अभियंते तयार करण्याकरिता १८७१ साली एक खास महाविद्यालय काढण्यात आले. ते पुण्यात किंवा कलकत्त्यात नव्हे, तर इंग्लंडमध्ये, कूपर्स हिल येथे. १९०६ पर्यंत ते चालले. हिंदुस्थानच्या मातीवरचे रस्ते बांधण्याची ‘गुणवत्ता’ टेम्स नदीच्या काठी तयार होत होती! येथील माणूस ओव्हरसियर व्हायला लायक, साहेब व्हायला नालायक, असा तो न्याय होता.

ज्यांच्या नावाने आपण अभियंता दिन पाळतो, त्या विश्वेश्वरय्यांनी हा न्याय प्रत्यक्ष पाहिला होता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडून ते १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात दाखल झाले. खडकवासल्याच्या धरणावर पाण्याची पातळी वाढताच आपोआप उघडणारी दारे बसवून त्यांनी आपली योग्यता सिद्ध केली. पण खात्यातील सर्वोच्च जागा गोऱ्यांच्याच हाती राहिल्या आणि १९०८ साली त्यांनी ती सेवा सोडली. येथवरचा इतिहास दर १५ सप्टेंबरला अभिमानाने सांगितला जातो. पुढचा भाग मात्र गाळला जातो. म्हैसूरचे दिवाण असताना, संस्थानच्या नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना राखीव वाटा देण्याचा प्रश्न १९१८ साली पुढे आला आणि त्यासाठी मिलर समिती नेमली गेली, तेव्हा याच विश्वेश्वरय्यांनी कार्यक्षमतेच्या नावाने त्या धोरणाला विरोध केला आणि अखेर दिवाणपद सोडले. साम्राज्याच्या दाराशी ज्या तर्काने त्यांची वाट अडवली, तोच तर्क त्यांनी आपल्याहून खालच्या पायरीवर उभ्या असलेल्यांना लागू केला.

त्यांच्या अभियांत्रिकी कर्तृत्वाला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. हेतू आहे तो एक वर्गीय नियम दाखवण्याचा. दाराबाहेर असताना जो न्याय मागतो, तो आत येताच दाराचा राखणदार होऊ शकतो. खडकवासल्याची दारे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडत. समाजातील दारेही दाबानेच उघडतात, पण आपोआप कधीच नाही.

‘गुणवत्ते’चा हा बुरखा फाडायला उदाहरणांची वाण नाही. मद्रासच्या गिंडी महाविद्यालयात १९४० च्या सुमारास मुलींना प्रवेश मिळाला, तेव्हा ए. ललिता यांच्या पदवीपत्रावरील छापील ‘तो’ खोडून तेथे ‘ती’ असे लिहावे लागले. स्त्री अभियंता होईल ही कल्पनाच छापखान्याला नव्हती. त्याच महाविद्यालयातून १९४४ साली बाहेर पडलेल्या पी. के. थ्रेसिया कोचीन संस्थानच्या बांधकाम खात्यात लागल्या आणि १९७१ साली केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. हे पद मिळवणाऱ्या त्या भारतातील पहिल्या स्त्री. केरळचे पूल त्यामुळे कोसळले नाहीत. कोसळला तो पुरुषी अहंकाराचा एक खांब.

आणि महाराष्ट्रात काय चित्र आहे? मागासवर्गीयांचे बढतीतील आरक्षण न्यायालयीन वादात अडकलेले असताना, राज्य सरकारने ७ मे २०२१ रोजी आदेश काढून बढतीच्या सर्व जागा सेवाज्येष्ठतेने भरण्याचा निर्णय घेतला. तेव्हा एकजुटीच्या गप्पा मारणाऱ्या किती संवर्ग संघटनांनी आपल्याच दलित आणि आदिवासी सभासदांच्या बाजूने आवाज उठवला? मागासवर्गीय कर्मचाऱ्यांना स्वतःच्या वेगळ्या संघटना का काढाव्या लागतात, याचे उत्तर या प्रश्नातच आहे. फूट ते पाडत नाहीत. फूट आधीच पडलेली असते, ते फक्त तिला नाव देतात.

दाराबाहेर कोण उभे आहे?

परंतु अधिकाऱ्यांमधील विविधता वाढली म्हणजे प्रश्न सुटला असे मानणे हाही भ्रमच. खात्याचा खरा पाया अधिकाऱ्यांच्या खाली आहे. महाराष्ट्रातील बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांत वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबणाऱ्या मजुरांना कालेलकर निवाड्यामुळे, पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर, रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर येण्याचा हक्क मिळाला. तो लढून मिळाला आणि तो मिळू नये म्हणून हजेरीपटात खाडे दाखवून सेवा तोडण्याचे प्रकार जुन्या साथींना चांगलेच आठवत असतील. तो हजेरीपट तपासून सही करणारा कोण होता? अभियंताच. तो आपल्या संघटनेचा निष्ठावंत सभासद होता आणि वेतनश्रेणीसाठी मोर्चातही आलेला होता.

१९७२-७३ चा दुष्काळ आठवावा. पाझर तलाव, बंडिंग, रस्ते यांच्या कामांवर लाखो माणसे खडी फोडत होती आणि त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. डाव्या पक्षांनी आणि शेतमजूर संघटनांनी त्या कामांवर सभा घेतल्या, मोर्चे काढले, घेराव घातले. त्या लढ्याच्या रेट्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. समान मजुरी, मुलांसाठी पाळणाघर, पिण्याचे पाणी, सावलीची सोय या गोष्टी सार्वजनिक बांधकामाच्या नियमात आल्या त्या खडी फोडणाऱ्या बायकांमुळे. ‘समावेशकता’ हा शब्द आयात होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी तिचा खरा मसुदा लिहिला होता. त्यांची नावे कोणत्या अभियंता भवनाच्या भिंतीवर कोरली आहेत?

आता गटारांकडे वळू. केंद्र सरकारच्या ‘नमस्ते’ योजनेखाली गटारे आणि मैलाटाक्या साफ करणाऱ्या सुमारे ३८,००० कामगारांची नोंद झाली, त्याची आकडेवारी २०२४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ९१.९ टक्के कामगार अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गीयांतील होते आणि एकट्या अनुसूचित जातींचा वाटा ६८.९ टक्के होता. ज्यांना आपल्या खात्यांत ‘विविधता’ दिसत नाही, त्यांनी एकदा मॅनहोलचे झाकण उघडून पाहावे. तेथे शंभर टक्के आरक्षणाला कोणीच कधी आव्हान दिलेले नाही! हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला आणि २०१३ साली नवा कायदा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारातील प्रत्येक मृत्यूमागे १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ माणसे मरायची थांबलेली नाहीत.

ही माणसे कोणाच्या हुकमाने उतरतात? कागदोपत्री कंत्राटदाराच्या. पण निविदेचा मसुदा अभियंत्याचा, कामाचे मोजमाप अभियंत्याचे आणि बिलावरील सहीदेखील अभियंत्याचीच. कंत्राटी पद्धत हे भांडवलदारी व्यवस्थेने शोधलेले दार आहे. त्यातून श्रम आत येतो आणि हक्क बाहेर राहतात. कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० चा कायदा २० कामगारांच्या कंत्राटाला लागू होत असे, म्हणून मुंबईत १८-१८ कामगारांची कंत्राटे पाडली गेली, असा तेथील कामगारांचा अनुभव आहे. पण मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांनी चिकाटीने लढा दिला, औद्योगिक न्यायाधिकरणात निकाल मिळवला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना कायम करण्याचा तो निर्णय उचलून धरला. समावेश म्हणतात तो याला. त्यासाठी कोणाला शाल पांघरावी लागली नाही.

आपल्याच साथींचा आक्षेप

काही साथी म्हणतील : स्त्री, दलित, अपंग असे वेगवेगळे प्रश्न काढले तर वर्गीय एकजूट दुभंगेल. अभियंता आणि कामगार यांना एका पंक्तीत बसवण्यापेक्षा सरळ वर्गलढ्याची भाषा करा.

या आक्षेपाला उत्तर आपल्याच चळवळीच्या इतिहासात आहे आणि ते कटू आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणाई खात्यातील चांगल्या मजुरीच्या जागा अस्पृश्य कामगारांना बंद होत्या, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई. १९२८ च्या महान संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी त्याची दखल घेतली. वर्गाची एकजूट विटाळाने मोडली होती, विटाळाविरुद्ध बोलल्याने नव्हे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत आंबेडकरांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे बजावले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून संपात उतरले. जेथे आपण जातीचा प्रश्न झाकला तेथे आपण दुबळे झालो. जेथे तो उघड मांडून हात पुढे केला, तेथे गिरणगाव एक झाले.

म्हणून आत्मपरीक्षणही हवे. आपल्या प्रभावाखालील नगरपालिका आणि बांधकाम कामगार युनियनांच्या कार्यकारिणींत किती स्त्रिया आहेत? गटार कामगारांपैकी किती जण पदाधिकारी आहेत? अपंग कर्मचाऱ्याला आपल्या युनियन कचेरीचा जिना चढता येतो काय? दुसऱ्याच्या दारावर थाप मारण्याआधी स्वतःच्या दाराचा उंबरठा मोजावा.

काय करावे?

बांधकाम, पाटबंधारे, पाणीपुरवठा आणि नगरपालिकांच्या खात्यांत काम करणारे आपले अभियंते, तांत्रिक कर्मचारी आणि कामगार कार्यकर्ते देशभर विखुरलेले आहेत. मुंबई-पुण्याइतकेच ते इंदूर, बडोदे, हैदराबाद आणि बेळगावातही आहेत. त्यांनी आपापल्या संघटनांत पुढील मागण्या ठरावाच्या रूपाने मांडाव्यात.

एक : प्रत्येक व्यावसायिक संघटनेने सभासदत्वाचे नियम बदलून तांत्रिक साहाय्यक, मुकादम आणि प्रत्यक्ष कामावरील कामगार यांच्या प्रतिनिधींना मताच्या हक्कासह स्थान द्यावे. श्रोते म्हणून बोलावणे म्हणजे समावेश नव्हे.

दोन : सुरक्षिततेची कोणतीही संहिता कामगारांच्या प्रतिनिधींच्या संमतीशिवाय मंजूर होऊ नये. इंडियन रोड्स काँग्रेस १९३४ सालापासून देशाच्या रस्त्यांचे मानदंड ठरवत आली आहे आणि काम चालू असलेल्या रस्त्यावर वाहतूक कशी नियंत्रित करावी याची मार्गदर्शिकाही तिने काढलेली आहे. भर रहदारीत हातात लाल झेंडी घेऊन उभ्या राहणाऱ्या मजुराला त्या मसुद्यावर कोणी विचारले होते काय?

तीन : गटारात माणूस उतरवणाऱ्या आदेशावर कोणताही अभियंता सही करणार नाही आणि त्या नकाराबद्दल त्याच्यावर कारवाई झाल्यास संपूर्ण संघटना त्याच्या पाठीशी उभी राहील, असा जाहीर ठराव व्हावा. या एका ठरावाची किंमत शंभर सत्कारांहून अधिक आहे.

चार : बढतीतील आरक्षणाच्या रक्षणासाठी संघटनांनी निःसंदिग्ध भूमिका घ्यावी. स्त्रियांसाठी कामाच्या जागी स्वच्छतागृह, पाळणाघर आणि लैंगिक छळाविरुद्धची समिती असावी आणि अपंगांसाठी २०१६ च्या कायद्यातील चार टक्के जागा भरल्या जाव्यात. या गोष्टी मागणीपत्रात शेवटी नव्हे, वेतनश्रेणीच्या बरोबरीने याव्यात.

पाच : कायमस्वरूपी काम तेथे कायम कामगार, ही मागणी अभियंत्यांच्या संघटनांनी आपली मानावी. आज कंत्राटाच्या दारातून मजूर बाहेर गेला, उद्या त्याच दारातून कनिष्ठ अभियंता जाणार आहे. कंत्राटी अभियंत्यांच्या नेमणुका सुरू झालेल्याच आहेत. बाहेर उभ्या असलेल्यांचा प्रश्न हा आत बसलेल्यांच्या उद्याचा प्रश्न आहे.

हे ठराव पहिल्या सभेत फेटाळले जातील. दुसऱ्या सभेत अध्यक्ष विषयपत्रिका पूर्ण झाल्याचे जाहीर करतील. त्यात नवल नाही. मेम्फिसच्या महापौराने ६५ दिवस नकार दिला होता आणि नोरा ब्लॅच यांना ९९ वर्षे. आपले काम आहे ते दार ठोठावण्याबरोबर दाराबाहेरच्या माणसांना संघटित करून त्यांचा दाब वाढवण्याचे. येत्या १५ सप्टेंबरला व्यासपीठावर हार घातला जाईल तेव्हा सभागृहात मैलकुली, खडी फोडणारी बाई आणि सफाई कामगार आपल्या मागण्यांचे पत्रक घेऊन हजर असतील, एवढे प्रत्येक शाखेने पाहावे. मग विविधतेवर भाषण करण्याची गरज कोणाला उरणार नाही. ती समोर बसलेली असेल आणि मत मागत असेल.